कार्व्हिंगचा स्नोबोर्ड विदर्भात: काय घ्यावं, उन्हाळा-पावसाळ्यात कसं जपावं, कोणाला द्यावं

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

नमस्कार मंडळी. हा धागा फक्त अल्पाइन स्नोबोर्डच्या सामानासाठी आहे. म्हणजे कंबरेत १८ ते २१ सेंटिमीटर रुंदीचा कडक बोर्ड, प्लास्टिकचे हार्डबूट आणि बुटाला पुढून-मागून धातूच्या कडीनं पकडणारी प्लेट बाइंडिंग. ऑलिंपिकच्या पॅरलल जायंट स्लॅलममध्ये दोन खेळाडू शेजारी-शेजारी झेंड्यांना वळसे घालत उतरतात, तो हा प्रकार. मऊ बूट, उड्या, भुसभुशीत बर्फ यांची चर्चा दुसरीकडं करू.

आपल्या भागातली काही पोरं-पोरी गुलमर्गला आयआयएसएमचा (तिथल्या सरकारी स्कीइंग-गिर्यारोहण संस्थेचा) कोर्स करून आली, काही उत्तराखंडात औलीला जातात. त्यांच्यापैकी ज्यांना कडेवर बोर्ड कलवून वळण कापण्याची, म्हणजे कार्व्हिंगची, गोडी लागली, त्यांची गाडी सामानापाशी अडते. हे सामान इथं दुकानात टांगलेलं दिसत नाही. बाहेरदेशी असलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून येतं, नाहीतर एकमेकांकडून. त्यामुळं घेणं, जपणं आणि पुढं देणं या तीन गोष्टी आपल्यासाठी वेगळ्या नाहीतच. मी नीट जपलं नाही तर माझ्यानंतर घेणाऱ्याचं नुकसान, आणि त्याच्यानंतर घेणाऱ्याचंही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपलं सामान बर्फावर झिजत नाही, गावातल्या खोलीत मरतं. बर्फावर ते वर्षातून फार तर पंधरवडा असतं. बाकी सगळा काळ नवतपा, मृग, श्रावण हे सगळं अंगावर घेत आपल्या घरी पडून असतं. परदेशी माहितीत 'थंड, कोरड्या जागी ठेवा' एवढं एक वाक्य असतं. आपल्याकडं थंड जागा कोरडी नसते आणि कोरडी जागा थंड नसते. यावर जाणकारांनी लिहावं, ही विनंती.

घेण्याचा क्रम: पहिले बूट, मग बाइंडिंग, शेवटी बोर्ड. बहुतेक जण उलट करतात, कारण बोर्ड देखणा असतो. पण बूट पायात बसला नाही तर जगातला कुठलाही बोर्ड चालवता येत नाही. हार्डबुटाचा नंबर मोंडोमध्ये असतो, म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, अंगठ्यापुढं खूण करा, दोन्ही पाय मोजा. चपलेचा नंबर इथं कामाचा नाही. मग बुटातलं लायनर (आतलं मऊ अस्तर) काढून नुसत्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) पाय घाला, बोटं पुढं टेकवा आणि टाचेमागं किती जागा राहते ते पाहा. एक ते दीड बोट राहिली तर बरोबर. दोन बोटं गेली तर तो बूट कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

आपले पाय चपलेत वाढलेले, पंजा पसरट. युरोपातल्या बुटाचं शेल पंज्यात हमखास आवळतं. म्हणून मोठा नंबर घ्यायचा मोह होतो. तो टाळा. पंज्यापाशी शेल गरम करून फुगवता येतं, लायनर पायाच्या आकाराचं करून घेता येतं, पण टाच आत वर-खाली व्हायला लागली तर त्यावर इलाज नाही.

---

मोर्शीचा गजू

पूर्णाकाठ भाऊ, लय चांगलं केलं धागा काढला. मले दोन गोष्टी इचाराच्या हायेत. माह्या मावसभावापाशी स्कीचे बूट पडून हायेत, जोडी एकदम चांगली. तेच लावून चालन का? अन् दुसरं, एक जण १८५ सेंटिमीटरचा रेसचा बोर्ड देतो म्हणते, स्वस्तात. एवढा लांबचा बोर्ड आपल्यासारख्याईनं घ्याव का नाई?

---

पूर्णाकाठ

गजू भाऊ, स्कीचा बूट प्लेट बाइंडिंगमध्ये अडकतो, त्यामुळं तो चालतो असं वाटतं. पण त्याचा तळवा जास्त लांब असतो आणि घोटा पुढं-बाजूला हवा तसा लवत नाही. अरुंद बोर्डावर टाच आणि चवडा कडेबाहेर येतात, बोर्ड कलला की आधी बूट बर्फाला लागतो, कड सुटते आणि माणूस पडतो. दोन-तीन दिवस हात बसवायला ठीक. त्याच्यावर पैसे मात्र घालू नका.

बोर्डाच्या लांबीचं बीजगणित ताईंनी सांगावं, त्या हिशेबानं समजावतात.

---

बीजगणित (ता. पुसद, जि. यवतमाळ)

मी शाळेत गणित शिकवते. माझा धाकटा भाऊ हा खेळ खेळतो, त्याच्या सामानाची निवड आम्ही दोघांनी वही-पेन्सिल घेऊन केली. गजू भाऊ, हिशेब सोपा आहे.

बोर्डाची कड सरळ नसते, कंबरेत आत गेलेली असते. त्या कमानीची त्रिज्या म्हणजे साइडकट. स्लॅलमच्या छोट्या बोर्डाची साधारण १० मीटर, जायंट स्लॅलमच्या लांब बोर्डाची २० मीटरच्या आसपास. बोर्ड जितका जास्त कलवाल तितकं वळण आवळत जातं: वळणाची त्रिज्या म्हणजे साइडकट गुणिले कलाच्या कोनाची कोसाइन. १० मीटरचा बोर्ड ६० अंश कलवला तर तो ५ मीटरच्या वर्तुळात फिरतो.

आता तोल. वळणात आपण किती कलू शकतो ते वेग ठरवतो. तोलाचं सूत्र आणि वरचं सूत्र एकत्र केलं की फार सुंदर उत्तर येतं: कलाच्या कोनाची साइन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (९.८ गुणिले साइडकट). ९.८ हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा. उताराचा तिरकसपणा यात धरलेला नाही, त्यामुळं ढोबळ समजा, पण निवडीला पुरतं.

शिकाऊ माणूस धीर करून ताशी ३० किलोमीटर जातो असं धरू. म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, वर्ग ६९. साइडकट १० मीटर असेल तर ६९ भागिले ९८, म्हणजे ०.७, म्हणजे सुमारे ४५ अंशांचा कल. हेच त्या १८५ च्या बोर्डावर, २० मीटर साइडकटला, ०.३५ येतं, म्हणजे जेमतेम २१ अंश. त्याच वेगाला एक बोर्ड तुम्हाला बर्फाजवळ नेतो, दुसरा उभाच ठेवतो. लांब बोर्डावर खरा कल हवा असेल तर वेग वाढवावा लागतो, आणि त्यासाठी लांब, रुंद, यंत्रानं दाबून घट्ट केलेली रिकामी उतरण हवी. ती रोज कुठं मिळणार?

उलट बाजूही पाहा. साइनची किंमत एकाच्या वर जात नाही. म्हणून १० मीटरच्या बोर्डावर ताशी ३६ किलोमीटरच्या वर नुसतं कडेवर कापत जाणं जमत नाही, तो घसरू लागतो. २० मीटरवर ही मर्यादा ५० किलोमीटरपर्यंत जाते. स्पर्धक लांब बोर्ड घेतात ते यासाठी.

तुमच्यासाठी १५५ ते १६३ सेंटिमीटर लांब, ९ ते ११ मीटर साइडकटचा बोर्ड योग्य. वजन ८० किलोच्या वर असेल तर त्यातला कडक प्रकार बघा.

बाइंडिंगचा कोन, म्हणजे पाय बोर्डाच्या नाकाकडं किती वळवायचा तो, बुटाच्या लांबीवर आणि बोर्डाच्या कंबरेवर ठरतो, आवडीवर नाही. चवडा आणि टाच बरोबर कडेच्या वर आली पाहिजेत, बाहेर नाही आणि फार आतही नाही. २७ नंबरचा बूट १८ सेंटिमीटर कंबरेवर ६० अंशांच्या वर जातो, २१ वर ५० ते ५५ मध्ये बसतो. पुढच्या पायाचा कोन मागच्यापेक्षा दोन-चार अंश जास्त ठेवतात. शिकणाऱ्याला २० सेंटिमीटरच्या पुढची कंबर सोयीची, कारण फार तिरकं उभं राहावं लागत नाही.

---

मोर्शीचा गजू

ताई, पहिल्यांदा त्रिकोणमिती कायले असते ते समजलं. १८५ वाल्याले नाई म्हणून सांगतो.

---

वरुड ते इन्सब्रुक

मी मूळचा वरुड तालुक्यातला, सध्या ऑस्ट्रियात नोकरीला. ताईंचा हिशेब पटला. जुना बोर्ड पाहताना काय बघायचं ते लिहितो, कारण इथं विलहाबेनसारख्या साइटवर जुने अल्पाइन बोर्ड बरेच येतात आणि गावाकडून मला मेसेज येतात की 'दादा, हा घेऊन ये'.

नावं आधी. एफ-टू जुन्या बाजारात सगळ्यात जास्त दिसतो आणि पहिल्या बोर्डासाठी चांगला आहे. स्वित्झर्लंडचे केसलर आणि ऑक्सेस, तसंच एसजी (२००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलेल्या सिगी ग्राबनरची कंपनी) हे स्पर्धेचे बोर्ड. अमेरिकेचा डोनेक आणि कॅनडाचा कॉइलर हे माणसाच्या वजना-उंचीप्रमाणं बनवून देणारे. बुटांत डीलक्स आणि यूपीझेड. राइखले नाव दिसलं तर तो बूट बराच जुना आहे असं समजा.

स्पर्धेच्या बोर्डात लाकडाच्या गाभ्यावर-खाली टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पातळ पत्रे असतात. त्यानं बोर्ड बर्फाला चिकटून राहतो, थरथरत नाही. पण हा पत्रा एकदा वाकला की वाकला. फायबर ग्लासचा बोर्ड लवून परत येतो, धातूचा येत नाही. म्हणून धातूचा जुना बोर्ड घेताना पुढच्या बाइंडिंगच्या पुढची जागा बघा. बोर्ड डोळ्यासमोर धरा, शेपटाकडून नाकाकडं कडेवरून नजर टाका. तिथं हलकीशी मोड किंवा वरच्या थरावर आडवी सुरकुती दिसली तर फुकट मिळाला तरी आणू नका. अशा बोर्डासाठी विमानाचं भाडं भरायला मी गावातल्या कोणालाही सांगणार नाही.

मग बोर्ड सपाट फरशीवर ठेवा. नाक आणि शेपटापाशी टेकला पाहिजे, मध्ये फट हवी. हा कॅम्बर. तळहातानं मध्ये दाबलं की फट बंद व्हावी, सोडलं की परत यावी. चारही टेकणाऱ्या जागा फरशीला सारख्या लागतात का बघा, एक कोपरा उचललेला असेल तर बोर्डाला पीळ आहे.

कड नवी असताना दोन मिलिमीटरच्या आसपास असते. एकच उरली असेल तर त्यात धार लावायला फार जीव नाही. बाइंडिंगचे बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या बोंड्या सहा मिलिमीटरच्या आट्यांच्या असतात. प्रत्येकात बोल्ट फिरवून बघा, बोंडीच गोल फिरत असेल तर बोर्ड संपला. नाण्यानं वरून टकटक करत जा. एखाद्या जागी पोकळ आवाज आला तर आत थर सुटलेत.

विकणाऱ्याला हे सगळं फोटोत दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

---

सुभेदार मेजर, निवृत्त (ता. देऊळगाव राजा, जि. बुलढाणा)

जय हिंद. मी स्कीवाला, बोर्डवाला नाही. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये शिकलो आणि सामानाची देखभाल तिथंच अंगात भिनली. तळ, कड, गोंद, प्लास्टिक हे स्कीत आणि बोर्डात सारखंच, म्हणून लिहितो.

पूर्णाकाठ, तुम्ही विचारलं ते महत्त्वाचं आहे. आपल्या घरात चार शत्रू आहेत: टिनाची उष्णता, पावसाळ्याची ओल, उंदीर आणि आवळून बांधायची सवय.

टिनाखाली आणि उन्हात उभ्या गाडीत मे महिन्यात बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. बाहेर ४५ असेल तर बंद गाडीत साठ सहज ओलांडतं. बोर्डाचे थर इपॉक्सीनं चिकटवलेले असतात आणि उष्णतेत त्याची पकड सैल होते. अशा वेळी बोर्ड पट्ट्यानं आवळलेला असेल, त्यावर पोतं ठेवलं असेल किंवा दोन खिळ्यांवर आडवा टांगून मध्ये झोल आला असेल, तर तो त्याच आकारात राहायला शिकतो. म्हणून हंगाम संपला की बाइंडिंग काढा, पट्टे काढा आणि बोर्ड भिंतीला कडेवर उभा लावा, नाहीतर सपाट पाटावर मोकळा ठेवा.

जागा कुठली? ज्यांच्याकडं मातीच्या जाड भिंतींची, कवेलूची जुनी खोली आहे त्यांनी तीच वापरावी. आतलं तापमान दिवसा-रात्री फार हलत नाही. फक्त मातीच्या जमिनीवर टेकवू नका, ओल आणि वाळवी दोन्ही लागतात. विटांवर फळी, फळीवर बोर्ड.

उंदरांना बुटाचं लायनर फार आवडतं, मऊ आणि ऊबदार असतं. लायनर काढून पूर्ण वाळवा, मग परत घालून बकल हलके लावा, नाहीतर शेल पसरतं. सगळं पत्र्याच्या धान्याच्या कोठीत घालून झाकण बंद करा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नारिंगी रंगाचं जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग उतरला की उन्हात नाही, मंद आचेवर वाळवायचं, आणि त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही.

बुटांबद्दल आणखी एक. बऱ्याच बुटांचं शेल पॉलियुरेथेनचं असतं. हवेतली ओल वर्षानुवर्षं त्यात मुरते आणि प्लास्टिक आतून तुटत जातं. बाहेरून चकचकीत दिसतं आणि बर्फावर थंडीत एका झटक्यात फाटतं. वापरला नाही म्हणून बूट नवा राहत नाही. जुने ट्रेकिंगचे बूट पेटीतून काढल्यावर तळवा भुगा होऊन गळतो, त्याचं कारण हेच. शेलच्या आतल्या बाजूला किंवा तळाशी प्लास्टिकमध्ये गोल शिक्का असतो, मध्ये वर्ष आणि महिन्याकडं बाण. ते वाचा. दहा-बारा वर्षांच्या वरचा बूट मी माझ्या पोराच्या पायात घालू देणार नाही.

---

केळापूर_२० (जि. यवतमाळ)

काका, आमच्याकडं कवेलूची खोली नाही, स्लॅबचं घर आहे. सगळ्यात थंड खोली म्हणजे कूलरची. तिथं पलंगाखाली ठेवलं तर चालेल ना?

---

पूर्णाकाठ

केळापूर, तिथं नको. कूलर हवा थंड करतो तो पाणी उडवून. त्या खोलीत मार्चपासून जूनपर्यंत सगळी ओल असते, आणि त्यानंतर पावसाळा. म्हणजे सात महिने बोर्डाच्या कडेला आणि बुटाच्या प्लास्टिकला ओलीत ठेवल्यासारखं होतं. काका म्हणतात ती दोन्ही नुकसानं तिथं एकत्र होतात. स्लॅबच्या घरात खालच्या मजल्यावरची, उत्तरेच्या भिंतीची, कूलर नसलेली खोली निवडा. थोडी गरम असली तरी चालेल. ३८-४० अंशांनी बोर्डाचं काही बिघडत नाही, टिनाखालच्या साठ अंशांनी आणि ओलीनं बिघडतं.

पावसाळ्यात हात लावायचा नाही असंही करू नका. पोळ्याच्या सुमारास एकदा कोठी उघडा, कडेवर बोट फिरवा. तांबूस पूड लागली तर तेव्हाच काढली की पाच मिनिटांचं काम आहे. दिवाळीपर्यंत ठेवलं तर गंज खड्डा करतो, आणि तो घासून काढताना कडेचंच लोखंड जातं. दोन मिलिमीटरची कड, त्यातलं किती घालवणार?

---

आर्वीचं वर्कशॉप (जि. वर्धा)

माझं शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप आहे. मुलगा बोर्ड चालवतो, सामान मी बघतो. इकडं मिळणाऱ्या हत्यारांनी काय करता येतं ते सांगतो.

कड विळ्यासारखी घासायची नाही. विळ्याला आपण डोळ्यानं कोन धरतो, इथं एक अंशाचा फरक बर्फावर कळतो. बाजूची कड ८८ अंशांवर ठेवतात, तळाकडून अर्धा ते एक अंश उतार. कोन धरायला तयार गाइड मिळतं. ते बाहेरून मागवा, स्वस्त असतं आणि आयुष्यभर पुरतं. तळाकडच्या कोनाला मात्र घरी हात लावू नका. तिथं जास्त गेलं तर पूर्ण तळ मशिनवर घासल्याशिवाय मागं येता येत नाही. हंगामात बाजूची कडच तेवढी करायची: बारीक दाताची एकेरी कानस, एकाच दिशेनं, हलक्या हातानं, मग डायमंड स्टोन. दगडाला लागून कडेवर कडक झालेली जागा असेल तर आधी स्टोन, मग कानस. नाहीतर कानशीचे दात जातात.

गंजाला रबरात घट्ट केलेला घासणीचा दगड मिळतो, तो उत्तम. नसेल तर बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून.

वॅक्सला बिनभोकाची जुनी इस्त्री. वाफेची नको, भोकांत वॅक्स जातं. कपड्यांची इस्त्री परत वापरता येणार नाही, म्हणून वेगळीच ठेवा. खालच्या खुणेपासून सुरू करा, वॅक्स नुसतं वितळलं पाहिजे. धूर निघाला म्हणजे जास्त तापली. बोर्डाचा तळ पॉलिथिलीनचा आहे, इस्त्री एका जागी थांबली तर तो जळतो. इस्त्री चालत राहिली पाहिजे, बाटलीतून तेल सोडावं तशी एकसारखी. खिडक्या उघड्या. जुन्या वड्यांमध्ये फ्लोरिन असतं, त्याचा धूर फुप्फुसाला वाईट. एफआयएसनं (आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं) २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धेत फ्लोरिनच्या वॅक्सवर बंदीच घातली आहे, तेव्हा कोणी जुना डबा दिला तरी घेऊ नका.

साठवणीचं वॅक्स जाड लावायचं, कडेच्या लोखंडावरही ओघळू द्यायचं आणि खरवडायचं नाही. ते हिवाळ्यात निघण्याच्या आदल्या आठवड्यात. खरवडायला नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडून चार-पाच मिलिमीटर ॲक्रिलिकचा तुकडा कापून घ्या, धार सरळ करून घ्या. लोखंडी पट्टी नको.

घरात वॅक्स नसेल आणि मृग तोंडावर आला असेल तर साधी पांढरी मेणबत्ती. बर्फावर पळायला ती निकृष्ट, गंज रोखायला पुरेशी.

---

वरुड ते इन्सब्रुक

दादा, अगदी बरोबर. एक जोडतो: इन्टेक बाइंडिंग असेल, म्हणजे टाचेतून दोन पिना बाहेर येऊन खटकन बसतात ती, तर त्या पिना ओढणारी तार बुटातून वर जाते. ती तार गंजते आणि उकलते. दरवर्षी टाच उघडून बघा. साध्या कडीच्या बाइंडिंगमध्ये बिघडण्यासारखं कमी आहे. गावाकडं पाठवायचं असेल तर मी साधीच आणतो.

---

केळापूर_२०

खरेदी-विक्रीचं बोलू का? मला एक एफ-टू १५८ आणि बाइंडिंग मिळून १८ हजार सांगितलेत. विकणारा म्हणतो फक्त एक हंगाम वापरलाय. घ्यावा का? आणि माझा प्रश्न वेगळा आहे: पहिल्यापासून नवा का नको? उद्या निवड चाचणीला उतरायचं झालं तर जुन्या सामानावर कसं चालेल? २०१८ च्या प्याँगचांगला एस्टर लेडेकानं स्कीच्या सुपर-जीमध्ये आणि स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लॅलममध्ये, दोन्हींत सुवर्ण जिंकलं. तिच्यासारखं व्हायचं तर सामान तसंच लागेल ना?

---

पूर्णाकाठ

केळापूर, तुझी जिद्द मला फार आवडली, म्हणून स्पष्ट लिहितो. तिचं सामान घडवायला आणि रोज धार लावायला माणसं असतात, आणि ती वर्षातले कित्येक महिने बर्फावर असते. नवा स्पर्धेचा बोर्ड घेऊन वर्षातून दहा दिवस उतरणं यापेक्षा जुना सरळ बोर्ड घेऊन उरलेल्या पैशांत आणखी दोन आठवडे औलीला राहणं तुला कितीतरी पुढं नेईल. औली म्हणतोय ते मुद्दाम. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतल्या उतारावरच्या स्पर्धा तिथं झाल्या, उतरण तयार केलेली असते. गुलमर्गला अफरवट डोंगरावर गोंडोलानं (तारेवरच्या पाळण्यानं) गेलं तर वर सगळा खोल, मोकळा बर्फ. त्यात अरुंद बोर्ड बुडतो. गुलमर्गला खालच्या टप्प्यावर, सकाळी लवकर, उतरण घट्ट असतानाच हा खेळ करायचा.

चाचणीपर्यंत पोचलीस की बोर्ड बदलायचा. तोवर आत्ताचा पुढच्या पोरीला.

आता १८ हजार. 'एक हंगाम वापरला' हे वाक्य मी मोजतच नाही. कडेची उरलेली जाडी, कॅम्बरची फट, बोल्टच्या बोंड्या या तीनच गोष्टी किंमत ठरवतात. वरुडच्या दादांनी सांगितलेले फोटो माग. त्यातून तो निघाला आणि सोबतची बाइंडिंग वाकलेली नसेल तर १२-१३ पर्यंत जा. त्याच्या वर नको.

आणि आपल्या आपल्यात देवघेव करताना मला वाटतं एवढं पाळावं. बोर्डाचा फोटो मोजपट्टी लावून. बुटाच्या शिक्क्याचा फोटो, वर्ष दिसलं पाहिजे. उन्हाळ्यात कुठं ठेवला होता ते लिहायचंच: टिनाखाली, कूलरच्या खोलीत की कवेलूत. आपल्या भागात ही माहिती हंगामांच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची आहे. शिक्का वाचता येत नसेल तर बूट विकू नये, नुसता लायनर-बकल सुटे द्यावेत. नफा घेऊ नये. आणताना जेवढं पडलं, त्यातून झीज वजा, एवढीच किंमत. शिकणाऱ्यांच्या हातात सामान फिरत राहणं मला त्या चार-दोन हजारांपेक्षा मोठं वाटतं.

---

आर्वीचं वर्कशॉप

नफ्याचं पटलं, पण एक दुरुस्ती सुचवतो. जो वॅक्स, धार, बोल्ट यांवर खर्च करून सामान चांगल्या स्थितीत देतो त्याला तो खर्च मिळाला पाहिजे. नाहीतर जपणाऱ्याला आणि न जपणाऱ्याला एकच भाव मिळेल, आणि मग कोणी जपणार नाही.

---

पूर्णाकाठ

मान्य. तसंच धरू.

---

सुभेदार मेजर, निवृत्त

पाठवण्याबद्दल. एसटीच्या पार्सलनं किंवा ट्रॅव्हल्सनं बोर्ड जातो, पण डिकीत त्यावर पोती पडतात. नाक आणि शेपटाला जुन्या सायकलची ट्यूब चिरून बांधा, कडांवर चिरलेला पाण्याचा पाइप चढवा, सगळं गोणपाटात शिवा आणि दोन्ही बाजूंनी प्लायची पट्टी लावा. मे महिन्यात पाठवू नका, गाडीची डिकी तव्यावर असते. दिवाळीनंतर पाठवा, हंगामाआधी धार लावायला वेळही मिळतो. आगगाडीनं जम्मूकडं जाताना बर्थखाली बसतो, १६० पर्यंत अडचण येत नाही. विमानानं जायचं तर तिकिटाआधी लांब सामानाचा नियम विचारून घ्या.

---

बीजगणित

माझ्या भावाकडं डीलक्सचे बूट आहेत, मोंडो २५.५, शिक्का २०१९ चा, पुसदला कवेलूच्या खोलीत कोठीत ठेवलेले, लायनर वाळवून. पाय वाढला म्हणून द्यायचे आहेत. फोटो संध्याकाळी टाकते. २५ आणि २५.५ ला शेल एकच असतं, तेव्हा २५ वाल्यांनीही विचारावं. शाळा-कॉलेजच्या मुलीला प्राधान्य द्यावं अशी आमची इच्छा आहे.

---

केळापूर_२०

ताई, माझा पाय २५.२ आला, दोन्ही सारखे. मी रविवारी पुसदला येऊन शेलमध्ये पाय घालून बघू का? बसले तर घेईन.

आणि बाइंडिंग बोर्डाला लावताना बोल्ट किती लांबीचे घ्यायचे? हार्डवेअरवाला विचारतोय.

---

आर्वीचं वर्कशॉप

सहा मिलिमीटर जाडीचे, चपट्या डोक्याचे, स्टीलचे. लांबी दुकानात ठरवू नका. बाइंडिंगच्या चकतीतून आणि खाली उतार द्यायची पाचर असेल तर तिच्यातूनही बोल्ट घाला, खाली सहा ते सात मिलिमीटर बाहेर आला पाहिजे. एका वेढ्याला एक मिलिमीटर, म्हणजे सहा-सात पूर्ण वेढे बसले पाहिजेत. कमी असेल तर आटे उपटतात, जास्त असेल तर खालून तळाला फुगवटा येतो. सगळे आधी हातानं बसवा, मग आळीपाळीनं आवळा, आणि पहिल्या दिवशी दोन उतरणी झाल्या की परत एकदा तपासा. पुसदहून बूट घेतलेस की बोर्डासकट इकडं ये, कोन आणि बोल्ट दोन्ही इथंच लावून देतो.

---

बीजगणित

रविवारी ये, दुपारी जेवायलाच ये. पातळ मोजा घेऊन ये, जाड नको.